बावीस सेकंदांनी बोलणारा

हा एरवी बोलत नाही. महिनोन्‌महिने नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे कारखाने आहेत. त्यांच्या कार्यालयात कोपऱ्यात धूळ खात, पंखा घरघरवत एखादा सर्व्हर बसलेला असतो. त्यावर लिनक्स असेल तर हाही तिथेच मुक्कामाला असतो, आणि कार्यालयातल्या एकालाही त्याचा पत्ता नसतो. मालकाला सर्व्हरची किंमत ठाऊक असते, अकाउंटंटला त्यावरचं बिलिंग, पोऱ्याला त्याचं बटण. मग एखाद्या दुपारी बिलाची खिडकी मध्येच थिजते, कळफलक दाबून उपयोग होत नाही आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हा तोंड उघडतो: वॉचडॉग, बग, सॉफ्ट लॉकअप, सीपीयू ३, स्टक फॉर २२ एस.

तीन नंबरचा सीपीयू २२ सेकंद अडकलाय, एवढंच त्याचं म्हणणं. त्यानंतर मात्र पन्नासेक ओळींची जी सरबत्ती सुटते ती ऐकून भले भले घाबरतात.

हा लिनक्सचा सॉफ्ट लॉकअप वॉचडॉग, अडकलेल्या सीपीयूवर नजर ठेवणारा राखणदार. त्याचा जन्म २००५ सालचा. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, याला आणलं इंगो मोल्नार या हंगेरियन प्रोग्रॅमरने, रेड हॅट कंपनीत असताना. २०१० साली त्याच कंपनीच्या डॉन झिकसने याला आणि याच्या थोरल्या भावाला एकाच फाइलीत आणून बसवलं. थोरल्याबद्दल पुढे येईलच.

याची गरज का पडली, ते कर्नलच्या स्वभावात आहे. साधा प्रोग्रॅम, मग तो बिलिंगचा असो की ब्राउझर, सीपीयूवर ठाण मांडून बसला तर कर्नल त्याचं मानगूट धरून उठवतो आणि दुसऱ्याला बसवतो. सेकंदाला शेकडो वेळा हे चालू असतं. पण कर्नलचाच एखादा तुकडा गरगर फिरत बसला तर त्याला उठवणार कोण? सर्व्हरवरच्या बहुतेक लिनक्समध्ये वर्षानुवर्षं अशी रीत होती की कर्नलचं काम मध्येच तोडायचं नाही. त्याने आपणहून, थोड्या थोड्या वेळाने, बाजूला व्हायचं. सगळे सभ्यपणे वागतील यावर सगळी भिस्त. एक जण विसरला की तो कोअर गेला. मशीन मेलेलं नसतं, उलट जीव तोडून काम करत असतं, म्हणून आतला पंखाही जास्त जोरात फिरतो. फक्त ते काम संपत नाही.

याची राखण करायची पद्धत साधी आहे. प्रत्येक कोअरवर दर ४ सेकंदांनी घड्याळाचा ठोका पडतो. ठोका पडला की हा एक निरोप्या धाडतो. निरोप्या सगळ्यात वरच्या मानाचा, पण रीत त्यालाही चुकलेली नाही. कर्नलचा चालू तुकडा बाजूला झाला तरच त्याला पाऊल टाकता येतं. पाऊल टाकलं की तो वहीत वेळ लिहितो. पुढच्या ठोक्याला हा वही उघडून बघतो. नोंद ताजी असेल तर गप्प. नोंद शिळी असेल तर मोजायला लागतो, आणि मर्यादा ओलांडली की बोलतो. मर्यादा २० सेकंदांची.

मग २० ची मर्यादा असताना हा २२ का म्हणतो? इथे त्याचा एक विक्षिप्तपणा कळतो, आणि मला तो फार आवडतो. याचा सेकंद आपला नाही. सीपीयूचं घड्याळ नॅनोसेकंदांत चालतं. त्याचे सेकंद करायचे तर १०० कोटींनी भागायला हवं. भागाकार महाग. त्याऐवजी दोनचा तिसावा घात घेतला की नुसते बिट सरकवून काम भागतं, आणि तो आकडा १,०७,३७,४१,८२४, म्हणजे १०० कोटींच्या जवळपासच. मूळ कोडमध्ये शेजारी एवढीच टीप आहे की हे साधारण सारखंच. तेव्हा याचा एक सेकंद आपल्या १.०७ सेकंदांचा. त्याचे २० म्हणजे आपले साडेएकवीस. पाचवा ठोका विसाव्या सेकंदाला पडतो, तेव्हा मर्यादा अजून गाठलेली नसते. सहावा पडतो चोविसाव्या सेकंदाला. त्याच्या हिशेबाने तेव्हा २२ झालेले असतात. म्हणून २२, कधी कापाकापीत २३. अलीकडच्या कर्नलांत २६ही दिसतात. जगभरच्या मशीनांवर हाच आकडा पुन्हा पुन्हा उमटलेला पाहून पुष्कळांना वाटतं की २२ व्या सेकंदात काही गूढ आहे. गूढ काही नाही, वजनमाप जरा ढिलं आहे एवढंच.

आता त्याचं हस्ताक्षर. पहिल्या ओळीनंतर मशीनमध्ये हजर असलेल्या सगळ्या मॉड्यूलांची यादी, संबंध असो नसो. मग कर्नलची आवृत्ती आणि ‘टेंटेड’ असा शिक्का, त्यात एकेका अक्षराने मशीनची पूर्वपीठिका लिहिलेली. पी असेल तर कुणीतरी बंदिस्त कोडचा ड्रायव्हर घातलाय. एल असेल तर हे मशीन आधीही एकदा अडकलंय, आजची पहिली वेळ नाही. फार कमी लोक हे अक्षर बघतात. बघितलं तर निम्मी चौकशी वेगळ्या वाटेने जाते. मग रजिस्टरांचे सोळा-सोळा अक्षरी आकडे. आणि शेवटी ‘कॉल ट्रेस’, म्हणजे स्टॅक ट्रेस. त्याची खरी साक्ष ती.

कर्नलमध्ये एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. प्रत्येक जण जाताना परत कुठे यायचं तो पत्ता स्टॅकवर ठेवून जातो. या स्टॅकची जागाही तुटपुंजी: ६४ बिटी इंटेलच्या मशीनवर प्रत्येक टास्कला १६ केबी, २०१४ पूर्वी तर ८च. हा अडकलेल्या कोअरचा स्टॅक उघडतो आणि ठेवलेले पत्ते एकाखाली एक वाचून दाखवतो. सगळ्यात अलीकडचं वर, सगळ्यात आधीचं खाली. म्हणून ट्रेस वाचायचा तो खालून वर. प्रोग्रॅमने फाइल मागितली, ती मागणी फाइलसिस्टिमकडे आली, तिने नावांच्या साठ्यात शोध घेतला, साठ्याने कुलूप मागितलं, आणि तिथे गाडी थांबली. प्रत्येक ओळीत फंक्शनचं नाव, त्यापुढे अधिकाची खूण आणि सुरुवातीपासून किती बाइट आत, मग तिरकी रेघ आणि ते फंक्शन एकूण किती बाइटांचं. त्याच आवृत्तीची डिबगइन्फो फाइल हाताशी असेल तर या दोन आकड्यांवरून थेट कोडची ओळ निघते. आवृत्ती एका आकड्याने जरी वेगळी असली तरी निघते ती भलतीच ओळ.

काही नावांपुढे प्रश्नचिन्ह असतं. ते याच्या प्रामाणिकपणाचं लक्षण. स्टॅकवर हा पत्ता सापडला खरा, पण तो या वेळचा आहे की मागच्या कुणाचा पडून राहिलेला, याची खात्री नाही, असं हा कबूल करतो. २०१७ साली ४.१४ आवृत्तीत जॉश पॉइमबोफचा ओआरसी नावाचा वाचक आला, तेव्हापासून साक्ष बरीच भरवशाची झाली. तरी नव्या कर्नलांत ट्रेसच्या अगदी माथ्यावर प्रश्नचिन्हासह याचंच नाव दिसतं, वॉचडॉग टायमर फंक्शन, कारण ठोका पडला तेव्हा स्टॅकवर हाच होता. नवखा माणूस तेवढंच वाचून वॉचडॉगमध्ये बिघाड आहे असं ठरवतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी तर इथे साक्षीदार.

साक्ष कशी वाचतात ते एका खऱ्याखुऱ्या, कर्नलवाल्यांना चांगल्या ठाऊक असलेल्या दुखण्यावरून सांगतो. चार कोअरचं मशीन आहे असं धरा. चौघेही अडकले. तीन ट्रेस सारखे: माथ्यावर ‘नेटिव्ह क्यूड स्पिन लॉक स्लोपाथ’. हे नाव लॉकअपच्या ट्रेसमध्ये इतकं येतं की ते पाठ होतं. स्पिन लॉक हे जागून वाट पाहायचं कुलूप: मिळेपर्यंत झोपायचं नाही, जागच्या जागी घिरट्या घालायच्या. म्हणजे हे तिघे ताटकळलेले, यांचा काही गुन्हा नाही. चौथ्याचा ट्रेस निराळा: ‘एफएसनोटिफाय अपडेट चाइल्ड डेंट्री फ्लॅग्ज’. कुलूप याच्या हातात. कुणीतरी एका फोल्डरवर पहारा बसवला, की फाइल आली-गेली तर मला कळवा. तेव्हा कर्नल त्या फोल्डरमधल्या, आठवणीत असलेल्या सगळ्या नावांवरून एकदा फिरतो आणि लागेल तिथे खूण करतो. फोल्डरचं कुलूप हातात घेऊन.

आता कोड वाचला तर त्या फंक्शनमध्ये खोट काही नाही. यादीवरून फिरा, खूण करा, पुढे जा. मग वेळ का लागला? कारण यादी लांब आहे. किती लांब? लाखांनी, कधी कोटींनी. फोल्डर उघडून बघावं तर आत चारच फाइली. इथे बरेच जण हात टेकतात.

गोष्ट अशी की कर्नल असलेल्या फाइली लक्षात ठेवतो तशाच नसलेल्याही ठेवतो. एखाद्याने अमुक नावाची फाइल मागितली आणि ती सापडली नाही, तर पुन्हा डिस्कपर्यंत हेलपाटा नको म्हणून तो नोंद करतो की या नावाचं इथे काही नाही. याला निगेटिव्ह डेंट्री म्हणतात. एखादा प्रोग्रॅम दर वेळी नवं नाव जुळवून आधी बघत असेल की ही फाइल आहे का, तर दर वेळी एक नसलेपणाची नोंद वाढते. मेमरी भरपूर असेल तर नोंदी पुसण्याची घाईही नसते. महिनोन्‌महिने साठतात. मग एका दिवशी भलताच कुणी त्याच फोल्डरवर पहारा बसवतो, आणि कर्नल खुणा करता करता कोट्यवधी नसलेल्या फाइली एकेक करून ओलांडायला निघतो. ट्रेसमध्ये नाव येतं ते पहारा बसवणाऱ्याचं. साठवणाऱ्याचं येत नाही. तो केव्हाच आपलं काम आटोपून गेलेला असतो.

ज्या यंत्रमागाला ताण्याचा स्टॉप मोशन असतो, तिथे हेच रोज घडतं. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ ड्रॉप पिन लोंबत असते. धागा तुटला की पिन पडते, माग थांबतो. धागा कुठे तुटला हे पिन सांगते, आणि तुटका धागा जोडायला विणकराला क्षणभर लागतो. पण त्याच पट्ट्यात तिसऱ्यांदा तुटला की जॉबर, म्हणजे मागांचा मिस्त्री, मागाकडे बघायचं सोडून देतो आणि बीम कुठून आला, कांजी कुणी केली, ते विचारत निघतो.

ट्रेस वाचणाराही तेच करतो. एका ट्रेसवर विश्वास ठेवत नाही. दोन-तीन घेतो आणि एकमेकांशेजारी मांडतो. तिन्हींत माथ्यावरचा पत्ता जसाच्या तसा असेल तर कोअर खिळून आहे, बहुधा न मिळणाऱ्या कुलपापाशी. माथ्याची नावं दर वेळी वेगळी पण खालच्या काही ओळी त्याच, तर कोअर पुढे सरकतोय, फक्त फेरा फार मोठा आहे. सारख्या राहिलेल्या ओळींतली सगळ्यात वरची, तिथेच तो फेरा घालणारा सापडतो. सोलापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपराला डेडलॉक असतो, त्यात काटे धरून गोल टेबलाभोवती बसलेले पाच तत्त्ववेत्तेही असतात. ही शेजारी मांडायची युक्ती मात्र पेपराला येत नाही. ती पोरं पुढे पुण्याला नोकरीत शिकतात, रात्री अडीचला.

आणि गावाकडून फोन येतो तोही त्यांनाच. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलेल्या मुलाला संगणकातलं सगळं कळतं, असा गावाचा पक्का समज. संवाद साधारण असा होतो.

“काका, बंद करू नका. आधी फोटो पाठवा.”

“पाठवलो की.”

“खालचाच भाग आलाय. वरचा?”

“वरचं गेलं की वर. आता येईना ते खाली.”

काकांची चूक नाही. पडदा पंचवीस ओळींचा, साक्ष पन्नास ओळींची. पूर्वी शिफ्ट आणि पेज अप दाबून मागे जाता यायचं. २०२० साली ५.९ आवृत्तीत कर्नलने ती सोयही काढून टाकली, ते जुनं कोड सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून. बाकीचे कोअर शाबूत असतील तर डीमेसेज या कमांडमधून सगळं मिळतं. नसतील तर जे हातात आहे ते त्या अर्ध्या फोटोत.

“बंद करून चालू करू का? गाडी थांबलीय, ड्रायव्हर शिव्या घालालाय.”

इथे पुण्याच्या मुलाची आणि काकांची गरज वेगळी होते, आणि काका बरोबर असतात. बटण दाबलं की बिल निघेल. बटण दाबलं की साक्षही पुसली जाईल. मधला मार्ग आहे, पण तो आधी आखून ठेवावा लागतो: केडंप. थोडी मेमरी आधीच राखून तिच्यात एक दुसरा छोटा कर्नल झोपवून ठेवायचा. पहिला कोलमडला की दुसरा उठतो, पहिल्याची सगळी मेमरी डिस्कवर उतरवतो आणि मग मशीन चालू करतो. सॉफ्टलॉकअप पॅनिक हे सेटिंग एक केलं की याने तोंड उघडताच हे सगळं आपोआप घडतं. दुसऱ्या दिवशी क्रॅश नावाच्या हत्याराने, जे डेव्ह अँडरसनने वर्षानुवर्षं घडवलं, त्या मढ्यावर बीटी हायफन ए असं विचारलं की सगळे कोअर त्या क्षणी कुठे होते ते कळतं. आखून ठेवलं नसेल आणि कळफलक जिवंत असेल तर सिस्‌रिक्वेस्टमधलं एल हे अक्षर तेच काम जागच्या जागी करतं. पण काकांना फोनवर ऑल्ट, प्रिंट स्क्रीन आणि एल एकदम दाबायला सांगून बघा.

याची भावंडं आहेत, तीही सांगून टाकतो. थोरला हार्ड लॉकअपवाला. कोअर इतका बंद पडला की घड्याळाचा ठोकाही आत पोचत नाही, तेव्हा हा धाकटा मुका होतो, कारण तो ठोक्यावर जगतो. थोरला १० सेकंद बघतो आणि ज्याला अडवता येत नाही अशा एनएमआय नावाच्या दाराने आत शिरतो. २०२३ पासून एक पर्यायही आहे, त्यात शेजारचा कोअर शेजारच्यावर लक्ष ठेवतो. तिसरी केहंगटास्कडी; ती झोपून राहिलेल्यांची चौकशी करते, १२० सेकंदांनी, आणि बहुतेक वेळा डिस्ककडे बोट दाखवते.

दोषही आहेत. एक म्हणजे याची बोंबच कधी कधी आजाराचं कारण होते. कन्सोल सिरियल केबलवर असेल आणि वेग ९६०० असेल तर सेकंदाला हजाराच्या आतच अक्षरं जातात. बारा-पंधरा कोअरांचे ट्रेस ओरडून सांगायला लागला की सांगणारा कोअरच छपाईत अडकतो, आणि मग त्याच्याही नावाने बोंब. दुसरं, व्हर्च्युअल मशीनमध्ये याला स्वतःच्या भोवतालचं कळत नाही. खालच्या खऱ्या मशीनने बॅकअपसाठी सगळ्यालाच गोठवलं आणि अर्ध्या मिनिटाने सोडलं, तर डोळे उघडताच हा सीपीयू अडकल्याची वर्दी देऊ शकतो. झोपला होता तो हाच.

तिसरी थाप मात्र ऐतिहासिक आहे. इंटेलच्या मशीनांवर जुन्या कर्नलांत वेळेचा हिशेब करताना एक गुणाकार ठरावीक दिवसांनी भांड्याबाहेर सांडायचा. दोनचा चोपन्नावा घात एवढे नॅनोसेकंद भरले की घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणजे मशीन सलग दोनशे साडेआठ दिवस चालू राहिलं की.  मग याची वजाबाकी भलतीच निघून हा जाहीर करायचा: स्टक फॉर १७१६३०९१९६८ एस. ते आपले सेकंद धरून हिशेब केला तर ५४४ वर्षं! म्हणजे हे सोलापूर बहामनी राजवटीत होतं, तेव्हापासून तुमचा सीपीयू अडकलाय. आकडा निरखून पाहिला तर तो दोनच्या चौतिसाव्या घातातून चोविसावा वजा केल्यावर बरोबर येतो, शेवटच्या अंकापर्यंत. थाप मारतानाही हिशेब चोख, आणि त्या चोखपणामुळेच मूळ दोष पकडता येतो.

आता याची नोकरी जाणार अशी कुजबुज आहे. आजवर कर्नलमध्ये शेकडो ठिकाणी ‘कंड रिशेड्यूल’ असं लिहून ठेवावं लागायचं, फेरा मोठा असेल तर मध्येच जरा बाजूला हो म्हणून. कुणी लिहायचं विसरलं की याला बोलावं लागायचं. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ आवृत्तीत ‘लेझी प्रीएम्प्शन’ नावाची नवी रीत आली: आधी थोडं सबुरीने घ्यायचं, पण कर्नलच्या नेहमीच्या घड्याळाच्या पुढच्या ठोक्यापर्यंतही उठला नाही तर कर्नलच्या तुकड्यालाही उठवायचं. सभ्यपणावरची भिस्त त्याने कमी होईल आणि याची बरीचशी बोलणी थांबतील. पण ती सवलत स्पिन लॉक हातात नसलेल्यांसाठी. कुलूप धरून कोट्यवधी नसलेल्या फाइलींवरून फिरणाऱ्याला नव्या रीतीतही कुणी मध्येच उठवत नाही. त्याच्यासाठी मर्यादा अजून २० सेकंदांचीच आहे, तीही याच्या मापाच्या.